सुरखीचे वंशज

भोसरीतून नाशिक रस्त्याने मोशीकडे निघालं की बांधकामाचा सगळा माल डोळ्यांसमोरून जातो. खाणींकडून खडी आणि क्रश सँड भरलेले हायवा येतात. त्यांच्यामधून फुगीर पोटाचे बल्कर जातात. कुणात सिमेंट असतं, कुणात औष्णिक वीज केंद्रातली राख. रस्त्याच्या कडेला राखाडी ठोकळ्यांच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या लागलेल्या असतात. अलीकडे आणखी एक माल या वर्दळीत आला आहे. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा मोशीच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे जातो आणि तिथून बारीक होऊन पुन्हा बांधकामावर येतो.

या सगळ्याला हल्ली पर्यावरणपूरक बांधकाम म्हणतात आणि ते नवं म्हणून सांगितलं जातं. त्यातल्या मुख्य गोष्टीचा माग काढत मागे गेलं, तर आपण विटांचं पीठ करणाऱ्या एका जुन्या घाणीपाशी पोहोचतो.

भोसरी ज्या खडकावर वसली आहे त्यात चुनखडक नाही. खाली सगळा काळा पाषाण, लाव्ह्याचे थरावर थर. घर बांधायला दगड हवा तेवढा, पण तो जोडायला लागणारा चुना मात्र शोधावा लागे. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला, तेव्हा सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून. दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. आजच्या पिंपरी-चिंचवडचा पुण्याच्या बांधकामाशी संबंध जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे. दगड आपला आणि बांधणारा पदार्थ बाहेरचा, ही वाटणीही तेव्हापासूनचीच. आज दळून सिमेंट करायचा क्लिंकर चंद्रपूर-यवतमाळकडून किंवा कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या बाजूने येतो, एवढाच फरक.

दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठांना चुन्याचे खडे सापडतात. ते वेचून भट्टीत भाजत आणि पाण्यात विरवत. मग चुना घाणीत पडे. जमिनीत गोल चर, चराला दगडी फरशी, तिच्यावरून फिरणारं जड दगडी चाक आणि ते ओढणारा बैल किंवा रेडा. चुना, वाळू आणि पाणी तासन्‌तास मळून लोण्यासारखं झालं की गवंडी थापीवर घेऊन बघत. चिकटून राहिलं तर माल तयार. कुठे त्यात गुळाचं पाणी पडे, कुठे हिरड्याचं, कुठे बेलफळाचं किंवा उडदाचं. तागाचे तंतूही घालत. वेरूळच्या लेण्यांतल्या जुन्या मातीच्या गिलाव्यात गांजाच्या झाडाचे तंतू आहेत आणि तो इतकी शतकं टिकण्यात त्यांचा वाटा आहे, हे राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिलं.

पण गूळ आणि हिरडा यांच्या गोष्टी आपण फार रंगवून सांगतो. खरं काम करणारा पदार्थ मात्र सांगायचा राहून जातो. तो म्हणजे सुरखी, भाजलेल्या विटांचं किंवा भाजलेल्या मातीचं बारीक पीठ. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो. वर्षानुवर्षं होत राहतो, पण पाण्याखाली घट्ट होत नाही. त्यात सुरखी पडली की वेगळंच रसायन सुरू होतं. माती ठरावीक तापमानाला भाजली की तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना मोकळी होतात आणि चुन्याशी पाण्यातसुद्धा जोडली जातात. म्हणून हौद, बारव, पूल, बंधारा, जिथे पाणी तिथे सुरखी. रोमन लोकांनी हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतलं. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावावरून अशा पदार्थांना पोझोलाना म्हणतात. आपल्याकडे ज्वालामुखी पार थंड होऊन गेलेले, म्हणून आपण ती राख भट्टीत तयार केली.

या सुरखीवर धरणं उभी राहिली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसले ते १९०३ साली खडकवासल्याला. हे खडकवासला धरण १८७९ साली पुरं झालेलं, दगड आणि चुन्याच्या बांधणीचं. पुढे म्हैसूर संस्थानात त्यांच्या देखरेखीखाली कृष्णराजसागर उभं राहिलं. पोर्टलंड सिमेंट तेव्हा बाजारात होतं, पण ते महाग आणि बहुतांशी परदेशी. ते धरण चुना आणि सुरखीत बांधलं गेलं आणि आजही पाणी अडवून उभं आहे.

पोर्टलंड सिमेंटचा जन्म इंग्लंडमधल्या लीड्सचा. जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने २१ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याचं पेटंट घेतलं. चुनखडक आणि माती एकत्र करून, सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवून, अर्धवट वितळलेले गोळे, म्हणजे क्लिंकर, करायचे आणि ते दळायचे, ही आजची रीत त्याच्यानंतर दोन दशकांत पक्की झाली. चुना आणि भाजलेली माती यांचं जे लग्न सुरखीत वर्षभर चालायचं, ते इथे भट्टीतच लागून जातं. म्हणून सिमेंट काही तासांत आवळतं आणि महिन्याभरात जवळजवळ पूर्ण ताकदीला येतं. या वेगापुढे घाणी टिकणं शक्यच नव्हतं.

या वेगाची किंमतही त्याच भट्टीत मोजावी लागते. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. इंधन कुठलंही वापरा, हा भाग चुकत नाही, कारण तो दगडातूनच निघतो. वर इंधनाचा धूर वेगळा. एक टन क्लिंकरमागे साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात.

भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागलं ते १९१४ साली. पहिल्या महायुद्धाने आयात आटवली आणि देशी कारखाने वाढले, मग इतके वाढले की एकमेकांच्या जिवावर उठले. एफ. ई. दिनशा यांच्या प्रयत्नांतून १९३६ साली दहा कंपन्यांची मिळून एसीसी झाली. त्यांना मात्र ती पाहायला मिळाली नाही, त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते वारले. महाराष्ट्राच्या बाजूने यात एक नाव ठळक आहे, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं. १९२६ साली त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली. साचा गरगर फिरवून सिमेंटचे नळ ओतायची ही ऑस्ट्रेलियन युक्ती त्यांनी इथे आणली आणि गावोगावच्या पाणीयोजनांना बिडाच्या नळाऐवजी दुसरा पर्याय मिळाला. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यातून पुढे सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रंच तयार होऊ लागली. चुनखडक नसलेल्या जिल्ह्याने सिमेंटच्या भट्ट्या घडवल्या, हे मला आजही विशेष वाटतं.

गावाकडे मात्र सिमेंट पोहोचायला वेळ लागला. पुणे जिल्ह्यातल्या गावांत भिंती दगडाच्या, पांढऱ्या मातीच्या, कच्च्या विटांच्या. चुना वाड्याला आणि देवळाला. हे चित्र बदलायला पाणी कारण झालं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं, आणि पुण्यात नदीकाठच्या मातीच्या भिंती विरघळून खाली बसल्या. मातीवरचा विश्वास त्या दिवशी वाहून गेला, असं माझं मत आहे. साधारण वर्षभराने, १ ऑगस्ट १९६२ रोजी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या शेतांवर प्लॉट पडले आणि शेड उभ्या राहिल्या. जोत्याला काळा दगड, भिंत विटांची, गिलावा सिमेंटचा, खाली कोबा आणि डोक्यावर सिमेंटचे पत्रे.

या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हाचेक याने ही रीत काढली. पत्रा गंजत नाही, जळत नाही, स्वस्त पडतो आणि पन्नास वर्षं सहज काढतो. टिकाऊपणाच्या कुठल्याही कसोटीवर तो पहिला येईल. पण तो फुटला, कापला, पाडला की त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि कर्करोगापर्यंत नेतात. टिकाऊ बांधकामाबद्दल बोलताना हा पत्रा मी कधी विसरत नाही.

भोसरीतले कारखाने वाढत होते त्या काळात सिमेंट रेशनवर होतं. परमिट, कोटा, तहसील कचेरीतले हेलपाटे, आणि हातात आलेल्या पोत्यात काय आहे याची शंका. सिमेंटच्या टंचाईने राज्याचा मुख्यमंत्रीही घालवला. बिल्डरांना मिळालेला सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये जोडला आणि बॅ. अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केलं. १ मार्च १९८९ पासून नियंत्रण पूर्ण उठलं.

टंचाईच्या त्या वर्षांत एक समज लोकांच्या मनात रुतला. सिमेंटमध्ये राख म्हणजे भेसळ. वास्तविक राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटचं भारतीय मानक १९६२ पासून आहे. पण काळ्या बाजारात पोती फोडून खरोखरच काहीबाही मिसळलं जात होतं, मग कायदेशीर राख आणि चोरीची राख यांत सामान्य माणसाने फरक कसा करावा? त्यात १९८७ साली ५३ ग्रेडचं मानक आलं आणि नियंत्रण उठताच कंपन्यांची जाहिरातीत चढाओढ लागली. जास्त ग्रेड म्हणजे चांगलं सिमेंट, अशी समजूत पक्की झाली. ते जास्त बारीक दळलेलं असतं, लवकर आवळतं, लवकर तापतं. ठेकेदाराला सेंटरिंग लवकर मोकळं करून पुढच्या मजल्याला न्यायचं असतं, त्याला ते सोयीचं पडलं. स्लॅबला बारीक चिरा गेल्या तर त्या गिलाव्याखाली झाकल्या जातात.

याच सुमारास पुण्यात दोन वेगळ्या गोष्टी घडत होत्या. वाई तालुक्यातल्या पसरणीचे बाबुराव शिर्के यांनी सिपोरेक्स हे स्वीडिश तंत्र सत्तरच्या दशकात पुण्यात आणलं. सिमेंट, चुना आणि वाळूच्या पातळ लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी टाकायची. हायड्रोजनचे बुडबुडे सुटून लगदा फुगतो. तो तारेने कापून, दाबाखालच्या वाफेत शिजवायचा. निघालेला ठोकळा तेवढ्याच आकाराच्या विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वजनाचा. पाण्यात टाकला तर सुरुवातीला तरंगतो. स्वीडनमध्ये हे तंत्र १९२० च्या दशकात योहान ॲक्सेल एरिक्सन याने शोधलं, आणि आता वाळूच्या जागी बहुतेक ठिकाणी राखच वापरतात. पुण्याकडे कुठल्याही कंपनीच्या अशा ठोकळ्याला आजही सिपोरेक्सच म्हणतात. दुसरी गोष्ट रेडी-मिक्सची, म्हणजे प्लांटमध्ये मिसळून साइटवर येणाऱ्या काँक्रीटची. देशातल्या सुरुवातीच्या व्यापारी रेडी-मिक्स प्लांटपैकी एक १९८७ साली पुण्यात निघाला. तो फार चालला नाही, काळाच्या आधी आला होता. पण राखेला मान मिळवून दिला तो रेडी-मिक्सनेच. घमेल्याच्या मापाने राख घालणं धोक्याचं असतं, वजनकाट्यावर संगणकाने मोजून घालणं तसं नसतं.

राखेचा कायदा १४ सप्टेंबर १९९९ चा. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटांत किमान पंचवीस टक्के राख घालायची. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झालं. नाशिकजवळचं एकलहरे केंद्र भोसरीला त्यातल्या त्यात जवळचं म्हणावं असं, पण तेही या वर्तुळाबाहेर. २०१६ मध्ये वर्तुळ ३०० किलोमीटरचं झालं आणि भोसरी आत आली. एकलहऱ्याची राख चाळून, प्रतवारी करून विकणारा कारखाना तोवर नाशिकला चालू होताच.

राख काय करते? सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की सिमेंटच्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्के मोकळा चुना तयार होतो. हा चुना काँक्रीटमधला कच्चा दुवा. पाण्याबरोबर तो झिरपत राहतो आणि ओल्या स्लॅबला खालून पांढरे ओघळ येतात ते त्याचेच. राखेचे काचेसारखे गोल कण हा चुना पकडतात आणि त्याचा पुन्हा घट्ट पदार्थ करतात. छिद्रं बुजतात, पाणी आणि क्षार आत शिरायला वाट राहत नाही. सुरखी हेच करत होती. राख ही सुरखीची धाकटी बहीण, एक विटेच्या भट्टीतली, दुसरी कोळशाच्या.

पण या बहिणीचा स्वभाव सबुरीचा आहे, आणि आपल्याकडे घोडं इथेच अडतं. राखेचं काम सावकाश चालतं, अठ्ठावीस दिवसांनंतरही महिनोन्‌महिने, आणि ते फक्त ओल असेपर्यंत. आयएस ४५६ या मानकात २००० सालापासून लिहिलेलं आहे की साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्याला किमान दहा दिवस पाणी द्या, चौदा दिल्यास उत्तम. भोसरी-मोशी पट्ट्यातल्या एखाद्या साइटवर उन्हाळ्यात जाऊन बघा. स्लॅबवर सिमेंटची आळी घालून पाणी भरलेलं असतं, ते तीन-चार दिवस नीट राखलं जातं. मग टँकर उशिरा येतो. कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट दुपारी दोनला हात लावावा तर खडखडीत वाळलेलं. पाणी मारणाऱ्या बिगाऱ्याला सगळ्यांत कमी मजुरी, कारण ते काम कुणीही करू शकतं अशी समजूत. मग पाच वर्षांनी सळई गंजून आवरण सुटलं की गवंडी म्हणतो, राखेच्या सिमेंटने घात केला. त्याचं निम्मं बरोबर आहे. राख घातलेल्या काँक्रीटमध्ये मोकळा चुना कमी उरतो, आणि सळईला गंजापासून जपतो तो हाच चुना. काँक्रीट नीट भिजवलं तर त्याची छिद्रंच इतकी बारीक होतात की हवा आत पोहोचत नाही. भिजवलं नाही तर राखेचा फायदा मिळत नाही आणि तोटा मात्र पुरेपूर मिळतो. टिकाऊ बांधकामासाठी नवं संशोधन हवंच. पण भोसरीत उद्यापासून सर्वांत जास्त फरक पाडेल तो पाणी मारणाऱ्या माणसाचा पगार आणि दहाव्या दिवसापर्यंत येणारा टँकर.

राखेची चणचणही फार दूर नाही. एकलहऱ्याला आता २१० मेगावॉटचे तीनच संच आहेत, तेही चाळिशी ओलांडलेले. कोळसा जसा मागे पडेल तशी राख आटेल. म्हणून जगभर नजर पुन्हा भाजलेल्या मातीकडे वळली आहे. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कारेन स्क्रिव्हनर, क्यूबाचे फर्नांडो मार्तिरेना, दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून चुनखडक आणि भाजलेली माती यांचं सिमेंट तयार केलं. एलसी-३ हे त्याचं नाव. त्यात क्लिंकर निम्मा, भाजलेली माती तीस टक्के, कच्ची चुनखडी पंधरा टक्के, बाकी जिप्सम. माती सातशे-आठशे अंशांनाच भाजावी लागते आणि तिच्यातून फक्त पाण्याची वाफ निघते. उत्सर्जन साधारण तीस-चाळीस टक्क्यांनी घटतं. भारतीय मानक संस्थेने २०२३ मध्ये आयएस १८१८९ काढून त्याला मान्यता दिली. या सिमेंटचं रसायन समोर ठेवलं की त्यात सुरखी स्पष्ट ओळखू येते. फरक एवढाच की आता कुठली माती, किती अंशांना, किती वेळ, हे प्रयोगशाळेत ठरतं. त्यासाठी केओलिनची माती लागते. ती सिंधुदुर्गात आहे. आपली काळी माती दुसऱ्या जातीची, भिजली की फुगणारी, आणि या कामात मागे पडणारी. इथेही भोसरीला माल बाहेरूनच आणावा लागेल.

निदान एक कच्चा माल मात्र इथेच ढिगाने तयार होतो. साठच्या दशकातल्या शेड आणि गावठाणातली जुनी घरं आता पडत आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो बांधकामं पाडली. राडारोड्याचे नियम २०१६ साली आले, आणि त्याच वर्षी आयएस ३८३ ने दळलेल्या काँक्रीटच्या खडीला जागा दिली. साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत, लोखंडी सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ दर्जापर्यंतच आणि वीस टक्के, अगदी हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण शंभर टक्के. म्हणजे पदपथाचे ब्लॉक आणि पायाखालचा थर यांसाठी मोशीचा डोंगर आणखी फोडायची तेवढी गरज नाही.

यात काँक्रीटचा विचार झाला, विटेचा राहिला. राडारोडा येतो तो सगळा एकत्र. वीट, काँक्रीट, फरशी, माती, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि मध्येच ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचा तुकडा. पत्र्यामुळे सगळा ढीगच धोक्याचा होतो आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे काँक्रीटला मारक सल्फेट येतो. अशा मिसळीतली वीट भरावापलीकडे कामाला येत नाही. जुन्या बांधकाम खात्याचे लोक हीच वीट वेगळी काढून दळत होते. भाजलेल्या मातीच्या पोझोलानाचं आयएस १३४४ हे मानक पन्नासच्या दशकापासून आहे, सुधारून छापलेलं आहे. सगळ्याच विटा सारख्या नाहीत. फार कडक भाजलेल्या विटेचं पीठ मंद असतं, मध्यम भाजलेलीचं चांगलं, आणि हे तपासायला चुन्याबरोबरची एक साधी ताकदीची चाचणी पुरते. बॉल मिल आणि चाळण्या बनवणारे कारखाने तर याच पट्ट्यात आहेत.

पाडकामाच्या परवानगीत तीन ओळी वाढवल्या तरी याची सुरुवात होईल. आधी पत्रे ओले करून अखंड उतरवा. मग प्लास्टर ऑफ पॅरिस काढा. विटा आणि काँक्रीट वेगवेगळ्या गाड्यांत भरा. पाडकामाचा ठेका घेणारा लोखंड, दरवाजे आणि खिडक्या आजही वेगळ्या काढतोच, कारण त्यांना भाव आहे. मोशीच्या काट्यावर निवडलेल्या विटेला मिसळ राडारोड्यापेक्षा वेगळा दर लागला, तर तो वीटही वेगळी काढेल.